वगळलेली नोंद

१२ मार्च २०२४, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. सुरतच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या वस्तीत, अंगणवाडीबाहेर बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली मी एका गरोदर बाईच्या अनामिकेला सुई टोचली, पहिला थेंब कापसाने पुसला, दुसरा पट्टीवर घेतला आणि पट्टी यंत्रात सरकवली. आकडा आला ६.२. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण टॅबलेट ती आपोआप नोंदतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं फारच थोडं कुठे नोंदलेलं आहे.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या वर असावं. ते सातच्या खाली गेलं की गोळ्या देऊन घरी पाठवायचं नसतं. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं असतं, कारण बाळंतपणात प्रत्येक बाईचं थोडंफार रक्त जातंच आणि अशा बाईकडे जायला तेवढंही नसतं. हे मला तोंडपाठ होतं. जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयावरच्या एका प्रकल्पात लागले होते. वर्षभरात माहिती गोळा करायची, पहिलं नाव माझं असलेला शोधनिबंध लिहायचा आणि त्याच्या जोरावर पीएच.डी.साठी बाहेर पडायचं, असा माझा आराखडा होता. पांडेसरा मीच सुचवलं होतं. इथे मी वाढले. वडील इथल्याच एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात तीस वर्षं होते. आई अजूनही साड्यांचे गठ्ठे आणून गल्लीतल्या बायकांना धागे कापायला वाटते. वस्तीत कोणतं दार कुठल्या बोलीत उघडतं हे मला ठाऊक होतं आणि ही गोष्ट मी प्रकल्पाच्या मुलाखतीत माझी जमेची बाजू म्हणून सांगितली होती.

समोरची बाई माझ्याच वयाची असावी. सव्वीस-सत्तावीस. हिरवी मॅक्सी, त्यावर ओढणी, नखांच्या कडांना साडीच्या जरीचा बारीक चुरा. हिंदी बोलत होती, पण तिच्या तोंडून प्रत्येक शब्द थोडा गोल होऊन येत होता. गाव विचारलं तर तिने एक जिल्हा सांगितला. मागे रांगेतल्या बाईशी बोलताना दुसराच सांगितला. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या फॉर्ममध्ये गावाचा रकानाच नव्हता. प्रकल्पाला नावंसुद्धा नको होती. ममता कार्डावरचा नोंदणी क्रमांक टाकला की मागची सगळी मोजमापं पडद्यावर येत. हे कार्ड गरोदर बाईचं नाव नोंदलं की आरोग्य केंद्रातून मिळतं, आणि बाळंतपणापर्यंतच्या तपासण्या त्यात लिहिल्या जातात. आशाबेन, म्हणजे आमच्या भागातली आशा कार्यकर्ती, कार्ड हातात घेऊन क्रमांक वाचून दाखवायची आणि मी तो टाकायची. कार्ड मी स्वतः पाहायचं नाही, हा नियम होता. ओळख गुप्त राहावी म्हणून.

६.२ टाकल्याबरोबर पडदा लाल झाला. मागील नोंद, जानेवारी: ११.६. फरक मर्यादेबाहेर.

"इतकं कसं उतरलं?" मी हिंदीत विचारलं. "ताप आला होता? रक्त गेलं होतं?"

"पता नहीं, दीदी."

"गोळ्या घेतेस?"

"जो दिया वो खाया." मग ती पुढे वाकली आणि कार्डाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "दीदी, इस पर अस्पताल में ले लेंगे ना? पहलेवाला घर में हुआ था. नहीं बचा. इस बार अस्पताल में ही करना है."

"कार्ड है तो क्यों नहीं लेंगे?" मी म्हणाले.

माझं हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. कार्ड तिचं नव्हतं, हे मला चाळीस दिवसांनी कळलं.

रांगेत अजून पुष्कळ बायका होत्या. ताडपत्रीखाली ऊन तापलं होतं. आशाबेनने पदराने वारा घेत यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "आ मशीन पण थाकी गयु छे, बेन. एने चा पिवडावो." यंत्राला चहा पाजायच्या कल्पनेवर रांग हसली. ती बाईही हसली. मी हसले नाही, कारण मी यंत्राच्या बाजूने विचार करत होते. यंत्र त्याच सकाळी प्रमाणित द्रावणावर तपासलं होतं, ते बरोबर होतं. मग चूक कोणाची? बोट फार जोराने दाबलं तर रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा, कमी येतो. नवख्या हातांकडून हे नेहमी होतं. मी नवखी नव्हते, पण घाईत होते. दोन महिन्यांत पाच-साडेपाचने उतरण्यासारखं काही कारण ती सांगत नव्हती. तेव्हा बोट मीच दाबलं असणार.

आमच्या नियमावलीत लिहिलं होतं: दोन मोजमापांत तीनपेक्षा जास्त फरक आल्यास पुन्हा मोजावं, त्या वेळी शक्य नसल्यास नोंद 'त्रुटी' म्हणून बाजूला ठेवावी आणि पुढच्या भेटीत मोजावं. हे कलम मीच लिहिलं होतं. लांब रांगेकडे पाहून पुन्हा न मोजता मी 'त्रुटी'वर बोट ठेवलं. त्याच क्षणी तिचा क्रमांक संध्याकाळी आरोग्य केंद्राला जाणाऱ्या तातडीच्या यादीतून आपोआप गळला.

दोन खुणा मला दिसल्या होत्या. कार्डाच्या हिशोबाने सातवा महिना चालू होता, तिचं पोट मात्र आठवा पुरा झाल्यासारखं होतं. आणि खालची पापणी ओढून पाहिली तेव्हा आतला भाग फिका वाटला होता. पण निळ्या ताडपत्रीखाली सगळेच फिके दिसतात, असं मी स्वतःला समजावलं. माझ्या हातावर, डोळ्यांवर आणि यंत्रावर मी शंका घेतली. कार्डावरच्या एका क्रमांकावर घेतली नाही.

पुढच्या भेटीला ती आली नाही. आशाबेन म्हणाली, गावी गेली असेल. आमच्याकडे हे उत्तर सगळ्यांना लागू पडतं.

२१ एप्रिलला रविवार होता. दुपारी जेवण उरकून मी लॅपटॉपवर माहिती साफ करत बसले होते. अपूर्ण नोंदी काढायच्या, दुबार नोंदी काढायच्या, त्रुटी काढायच्या. हे काम मला मनापासून आवडायचं. तेवढ्यात आई बाहेरून आली. चपला न काढता आत आली, यावरूनच मी वर पाहिलं.

"ऊठ. तुन्हं ते रगतनं मशीन ले अन् चाल."

"कोणाला काय झालं?"

"मागली गल्लीमा. ती धागा कापनारी. बाळंत व्हयनी. रगत थांबी नही ऱ्हायनं."

"मग दवाखान्यात न्या! यंत्र काय करणार?"

"दवाखानामातूनच पयी उनी ती," आई म्हणाली. पळून का, हे मी विचारायच्या आत, माझ्याकडे न बघता, "कार्ड मीच दिन्हं तिले."

मागच्या गल्लीपर्यंत चार मिनिटांचं अंतर आहे. तेवढ्यात आईने मला सगळं सांगितलं. आमच्या शेजारची नंदुरबारकडची सून पहिलटकरीण होती. तिसऱ्या महिन्यात तिचं नाव इथे नोंदलं, कार्ड निघालं. मार्च उजाडताच ती माहेरी गेली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. त्यात विचारायचं काही नसतं. माहेरची नर्स तिकडे नवं कार्ड काढते, म्हणून इथलं कार्ड मागे राहतं. ते तिने आईकडे ठेवायला दिलं होतं. त्याच आठवड्यात ही बाई साड्यांचा गठ्ठा परत करायला आली आणि रडली. कुठलाच कागद नव्हता तिच्याकडे. होते ते नवऱ्याने मागच्या मुक्कामी कुठेतरी टाकून दिले होते, की मुळात नव्हतेच, हे आईने विचारलं नाही. त्या दिवसांत पोलीस बोली ऐकून, सीमेपलीकडचे समजून कागद मागत होते, म्हणून ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत आली होती. आईने कपाटातून कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं.

"पडेलच व्हतं ते," आई म्हणाली. "कोनाले लागत व्हतं?"

आईला मी काय बोलणार होते? माझाही जन्म तिच्या माहेरचा. माझ्या दाखल्यावर सुरत नाही, आणि कॉलेजच्या प्रवेशाला मी इथलीच आहे हे सिद्ध करायला वडिलांनी आठ दिवस खेटे घातले होते. माहेर आणि कागद यांचं वाकडं मला घरातूनच माहीत होतं. तरी एक रिकामं कार्ड दुसऱ्या पोटाला लावता येतं, हे माझ्या नियमावलीत कुठे बसलं नाही.

खोली आठ बाय दहाची. दाराशी धागे कापलेल्या साड्यांचा ढीग, घडी घालून नीट ठेवलेला. आत खाली गोधडीवर ती, ताडपत्रीखाली मला कार्डाचं विचारणारी. वस्तीतली म्हातारी सुईण तिचं पोट चोळत होती. बाळ एका बाजूला जुन्या साडीत गुंडाळलेलं, मुलगी, रडत होती. नवरा भिंतीला टेकून उभा. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत रंगाचा जांभळा डाग होता. तो पलसाण्याच्या रस्त्यावरच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होता.

"सकाळी दवाखान्यात काय झालं?" मी त्याला विचारलं.

"भरती कर लिया था," तो म्हणाला. "अच्छे से बात किया. खून लिया. फिर नर्स आई, बोली कार्ड में दूसरा ग्रुप लिखा है, खून में दूसरा आ रहा है. बोली, यह कार्ड किसका है? आधार लेके आओ. मैं बाहर गया. इसको लगा मुझे पकड़ के ले गए. यह उठ के आ गई."

"तुला कोणी पकडलं होतं?"

"नहीं. मैं तो पानी पी रहा था."

एवढंच घडलं होतं. नर्सने विचारलं ते विचारणं तिचं कामच होतं. रक्त चढवण्याआधी गट जुळला नाही तर विचारावंच लागतं. ही बाई कार्डाशिवाय, नुसती कळा सोसत गेली असती, तर तिला बेवारस म्हणून का होईना दाखल करून घेतलं असतं आणि तिच्याच गटाचं रक्त लावलं असतं. प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या बाईला कागदासाठी परत पाठवत नाहीत. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि तिने विचारलं तेव्हा मी तिला कार्डाची खात्री दिली होती.

मी १०८ला फोन लावला. तोपर्यंत तिने डोळे उघडले होते.

"मौसी," ती आईला म्हणाली, "कार्ड आपका वापस... उशी के नीचे है." उशी हा शब्द ती आमच्या गल्लीत शिकली होती.

"राहू दे कार्ड," आई मराठीत म्हणाली. "डोळे उघडे ठेव. बघ, पोरगी कशी बोंबलतेय. तुझ्यासारखी भांडखोर निघणार."

ती हसल्यासारखी झाली. "मैं कहाँ भांडखोर, मौसी."

"माझ्या गठ्ठ्यातल्या साड्या मोजून घेतेस दर वेळी. नाही म्हणतेस?"

मी तिचा हात घेतला. बोट थंड होतं. दाबूनही थेंब लवकर येईना. १२ मार्चला मी काय चूक केली असणार, याचा माझा सगळा सिद्धांत त्या बोटात संपला: ११.६ शेजारच्या सुनेचं होतं, ६.२ हिचंच. आकडा मी मोबाईलवर लिहिला आणि वेळही, कारण टॅबलेट घरीच राहिला होता. ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, काही तास जावे लागतात. म्हणजे यंत्रावर आलेल्या आकड्यापेक्षा तिची खरी स्थिती वाईट होती. तिथे ते ऐकून उपयोग होईल असं कोणी नव्हतं.

गाडी वीस मिनिटांत आली. गल्लीत शिरली नाही. स्ट्रेचर हातांवर न्यावं लागलं. त्यातल्या माणसाने सलाईन लावता लावता विचारलं, "नाम?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

"तिचं स्वतःचं सांगा," मी म्हणाले. "कार्डावरचं नको. गट पुन्हा चुकेल."

त्याने नाव सांगितलं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहीत नाही. तो माणूस काही न विचारता लिहून मोकळा झाला. कागद मागितला नाही, गाव विचारलं नाही. आधार नाही म्हटल्यावर त्याने रकान्यात एक आडवी रेघ मारली, इतकंच.

रुग्णालयात रक्ताची पहिली पिशवी लागली. दुसरी रक्तपेढीतून येईपर्यंत ती गेली. तेव्हा दुपारचे साडेतीन व्हायचे होते. आई बाळाला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. मी जाऊन सांगितलं. आईने बाळाच्या डोक्यावरून पदर ओढला. मग म्हणाली, "मी नही देती ते कार्ड तं?"

उत्तर होतं माझ्याकडे. कार्ड दिलं नसतं तर ती १२ मार्चला माझ्यापुढे रांगेत आलीच नसती. आणि रांगेत आली तेव्हा चाळीस दिवस शिल्लक होते. एवढ्या दिवसांत रक्त चढवून बाईला बाळंतपणापर्यंत सुखरूप नेता येतं. ते दिवस आईने मिळवून दिले होते, आणि मी एका बोटाने 'त्रुटी' दाबून घालवले होते. हे आईला सांगायला मला पुढे दीड महिना लागला. ऐकून ती एवढंच म्हणाली, "तू तं शिकेल शे ना बेटा." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

आशाबेनला मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. "तुम्ही कार्ड हातात घेऊन वाचत होता. नाव दिसत होतं तुम्हाला. शेजारची सून तुम्ही ओळखता."

"ओळखू छू ने," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. तीही रडली होती. "मने खबर हती, बेन. पण तमने कहेत तो तमे एने काढी मूकत."

तिने सांगितलं असतं तर मी त्या बाईला रांगेतून काढून टाकलं असतं. हे खरं होतं. स्वतःच्या नोंदणी क्रमांकाशिवाय कोणत्याही स्त्रीचा प्रकल्पात समावेश करू नये, हेही कलम होतं. तेही माझंच.

त्या आठवड्यात मी बाजूला ठेवलेल्या सगळ्या त्रुटी पुन्हा उघडल्या. पडदा भरून खाली सरकवावं लागेल इतक्या होत्या. जिथे रक्तगट नोंदला होता, तिथे तो दोन भेटींत जुळतो का ते पाहिलं. काही ठिकाणी जुळत होता. ती माझ्या हाताची खरी चूक असेल. काही ठिकाणी जुळत नव्हता. त्या क्रमांकांमागे दोन-दोन बायका होत्या, एक माहेरी गेलेली आणि एक मागे राहिलेली, आणि मागे राहिलेलीचा आकडा बहुतेक वेळा खालचा होता. म्हणजे ज्यांना मी शोधायला निघाले होते, नेमक्या त्याच मी साफ करत होते. आशाबेनला घेऊन मी त्यांना शोधत फिरले. भेस्तानपर्यंत गेले. दोघी सापडल्या, दोघी बाळंत होऊन बऱ्या होत्या. बाकीच्यांच्या दाराला कुलूप होतं किंवा आत दुसरीच माणसं राहत होती.

प्रकल्पाचे प्रमुख सर सज्जन माणूस आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जुळत नसलेले क्रमांक वगळ, मर्यादा म्हणून एक परिच्छेद लिही. निबंध वाचेल. आणि रविवारचं मोजमाप घेऊ नकोस. ते प्रकल्पाच्या वेळेत नाही, संमतीपत्र नाही, क्रमांक नाही. शास्त्रीयदृष्ट्या ती नोंदच नाही."

शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जुळत नसलेल्या नोंदी वगळण्याऐवजी वेगळ्या काढून मी त्यांच्यावरच लिहायला घेतलं. निबंध अजून झालेला नाही, बाहेर जाणं एक वर्ष पुढे गेलं आहे. त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचीही लाज वाटते. दोन्ही लिहून ठेवते.

सव्वा महिन्यानंतर मी वजनकाटा घेऊन मागच्या गल्लीत गेले होते. मुलीचं वजन करायचं होतं. खोलीला नवीन कुलूप होतं. नवरा पोरीला घेऊन कुठे गेला, हे डाइंगमध्येही कोणाला माहीत नव्हतं. आईच्या कपाटात ते कार्ड परत आलं आहे. शेजारची सून मुलगा घेऊन माहेराहून आली, तिने ते मागितलं नाही. मुलीच्या वजनाचा रकाना रिकामा आहे.

माझ्या माहितीच्या फाइलमध्ये सगळ्यात खाली एक ओळ आहे. तिला क्रमांक नाही. त्या जागी मीही आडवी रेघ मारली आहे. पहिलं मोजमाप १२ मार्च, अकरा चाळीस, ६.२, त्यापुढचा 'त्रुटी' हा शब्द मी पुसला आहे. दुसरं मोजमाप २१ एप्रिल, दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटं, ३.९.